मिळेल ती भाषा

१६७४ च्या उन्हाळ्यात रायगडावर एक म्हातारा खाटीक चढून आला. कामासाठी नव्हे, गिऱ्हाइकं बघायला. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झेंडन मुंबईहून आला होता. तो आणि त्याची माणसं महिनाभर गडावर राहिली आणि त्यांना मटणाशिवाय जेवण जाईना. आधीच्या काही वर्षांत मिळून खपलं नव्हतं एवढं मटण या मूठभर पाहुण्यांनी एवढ्यात संपवलं. असली माणसं दिसतात तरी कशी, या कुतूहलापोटी म्हातारा सगळा चढ चढला. जॉन फ्रायर या इंग्रज डॉक्टरानं आपल्या प्रवासवर्णनात ही हकिकत नोंदवून ठेवली आहे. इथली माणसं डाळ-तांदळाची खिचडी लोणी घालून शिजवतात आणि तीच आवडीनं खातात, हेही त्यानं तितक्याच नवलानं लिहिलंय.

गडावर जाण्याआधी ही मंडळी पायथ्याला पाचाडात अडकून पडली होती. महाराज भवानीच्या दर्शनाला प्रतापगडी गेले होते आणि ते परत येईपर्यंत वर जायची परवानगी नव्हती. मे महिन्याचं कोकणातलं ऊन, अंगात विलायती कपडे आणि भाषेचा पत्ता नाही. बोलायचं ते सगळं सोबतच्या नारायण शेणवी या दुभाष्यामार्फत. राज्याभिषेकाच्या दरबारात इंग्रज लांब उभे होते, तेव्हा नजराण्याची हिऱ्याची अंगठी उंच धरली तीही नारायण शेणव्यानंच. महाराजांची नजर तिकडे गेली आणि त्यांनी पाहुण्यांना सिंहासनाजवळ बोलावलं. पुढे कराराची कलमं ठरली त्या बोलण्यातही मधला दुवा तोच.

हे सगळं आठवायचं कारण, यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘हायस्कुलातली परदेशी भाषा’ हा विषय दिला. त्यांच्या मनात पुणं होतं, आणि ते साहजिक आहे. रानडे इन्स्टिट्यूट, मॅक्सम्युलर भवन, जपानीचे वर्ग, जर्मन घेऊन बोर्डात पैकीच्या पैकी मार्क काढणारी मुलं, सगळं तिथेच. मी म्हटलं, पुण्याचं लिहून झालंय. पाचाडला जाऊन बघू या.

ताकाचा हंडा

महाडहून नातेखिंडीत आत वळलं की नाते, कोंझर आणि मग पाचाड. डावीकडे-उजवीकडे भातखाचरं, समोर टकमकाचा कडा. गावात जिजाबाईंचा वाडा आणि समाधी. राज्याभिषेकानंतर अकराव्या दिवशी, १७ जून १६७४ ला, त्या इथेच गेल्या. पलीकडे हिरकणीवाडीत रोपवे. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते आणि राज्याभिषेकाच्या तारखेला, ६ जूनला, तर पाय ठेवायला जागा नसते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यात महाराष्ट्रातले अकरा आणि तमिळनाडूतला जिंजी. रायगड त्यात आहेच. तेव्हापासून गावात ‘आता फॉरेनर वाढणार’ हे वाक्य चहाच्या टपरीपासून ग्रामपंचायतीपर्यंत सगळीकडे ऐकू येतं.

आज तरी ते क्वचितच येतात. गडाच्या चित्त दरवाजाच्या वाटेवर ताक-सरबताचे ठेले आहेत, त्यातल्या एकावर सुट्टीच्या दिवशी दहावीतली एक मुलगी बसते. मी बसलो होतो तेव्हा एक गोरं जोडपं थांबलं. मुलीनं हंड्याकडे बोट केलं. ‘बटरमिल्क. ट्वेंटी रुपीज.’ उच्चार स्वच्छ. बाईनं विचारलं, यात पाणी कुठलं आहे? मुलीला प्रश्न कळला, हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं. विहिरीचं, गाळलेलं, आई रोज सकाळी भरते, असं सगळं सांगायचं होतं तिला. तिनं डोंगराकडे हात केला. जोडपं हसलं, ‘थँक यू’ म्हणालं आणि ताक न पिता निघून गेलं.

‘पहिलीपासून इंग्लिश आहे ना तुम्हाला?’ मी विचारलं.

‘आहे की. पेपरात सोडवते मी. असं एकदम कुणी विचारलं की नाही येत.’

महाराष्ट्रात २००० साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना इंग्रजी पहिलीपासून सुरू झालं. त्याआधी ते पाचवीला भेटायचं. म्हणजे या मुलीची आई कदाचित पाचवीवाली असेल आणि ही पहिलीवाली. पाण्याचं उत्तर मात्र दोघींनाही हातानंच द्यावं लागलं असतं. पाचाडच्या मुलांना परदेशी भाषा शिकवायची की नाही, हा प्रश्नच मुळात उशिराचा आहे. ती दहा वर्षं शिकवली जातेच. तिचं नाव इंग्रजी. फक्त तिला परदेशी म्हणायची आपल्याला लाज वाटते.

नाते आणि महाड

वाटेतलं नाते हे चिंतामणराव देशमुखांचं गाव. जन्म १४ जानेवारी १८९६. १९१२ च्या मॅट्रिकला ते मुंबई विद्यापीठात पहिले आले आणि संस्कृतसाठीची पहिली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली. त्या काळी मॅट्रिकच्या मुलाला हीच शिष्यवृत्ती सगळ्यांत मानाची. मग केंब्रिजचं जीझस कॉलेज, तिथे वनस्पतिशास्त्र, मग आयसीएसलाही पहिला नंबर, आणि १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. संस्कृत त्यांना आयुष्यभर पुरलं. ‘मेघदूता’चा मराठी अनुवाद त्यांनी केला, संस्कृतात कविताही लिहिल्या.

नात्याहून महाडचं चवदार तळं काही कोसांवर. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी त्या तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. त्याआधी वीस वर्षं, १९०७ साली, ते मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाले होते. त्यांनाही संस्कृत घ्यायचं होतं. पण अस्पृश्य मुलाला संस्कृत शिकवायला शिक्षक राजी नव्हते, म्हणून त्यांना फारसी घ्यावी लागली. कॉलेजातही फारसीच राहिली. पुढे संस्कृताचा अभ्यास त्यांनी स्वतःच्या हिमतीवर केला. जर्मन शिकले, बॉन विद्यापीठात नावही घातलं.

एकाच काळातले, एकाच विद्यापीठाचे हे दोन मॅट्रिक. दोघांची बुद्धी अफाट. एकाला हवी ती भाषा मिळाली, दुसऱ्याला उरलेली. शाळेतल्या भाषेबद्दल लिहिताना आपण नेहमी ‘निवड’ हा शब्द वापरतो. विद्यार्थ्यानं निवडलेली दुसरी भाषा, तिसरी भाषा. मला तो शब्द या दोन गावांमधल्या रस्त्यावर फार हलका वाटायला लागला. मुलाला भाषा मिळते, किंवा मिळत नाही. कुणी द्यायला तयार आहे का, यावर ते ठरतं. १९०७ मध्ये ते जातीवर ठरलं. आता ते पटावर ठरतं.

पट, तासिका आणि वीस मुलांची अट

पट म्हणजे शाळेतल्या मुलांची संख्या. दरवर्षी आधार क्रमांक जुळलेल्या पटावरून संच मान्यता होते, म्हणजे या शाळेला किती शिक्षक हे ठरतं. पट घसरला की शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतो आणि दुसऱ्या शाळेत समायोजन होतं. डोंगराळ भागातल्या हायस्कुलांचा पट घसरतोच. नोकरीसाठी माणसं मुंबईला, सुरतेला जातात, जाताना मुलं नेतात. ज्यांना परवडतं ते महाडच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेची पिवळी बस लावतात. उरलेल्यांसाठी आठवी ते दहावीच्या तीन वर्गांना जेमतेम हातावर मोजण्याइतके शिक्षक. मराठीचे सर हिंदी घेतात, इंग्रजीच्या बाई इतिहासही बघतात. चित्रकला आणि पीटी ज्याचा तास मोकळा त्याच्याकडे.

आता माध्यमिक मंडळाची दहावीची विषययादी काढून बघा. मराठी, हिंदी, संस्कृत, उर्दू आहेतच. त्याखेरीज जर्मन, फ्रेंच, रशियन, अरबी, फारसी, पाली, अर्धमागधी, एवढंच काय अवेस्ता-पहलवीसुद्धा. भाषांच्या बाबतीत एवढी श्रीमंत यादी क्वचितच दिसेल. पाचाडसारख्या ठिकाणी ती यादी हॉटेलातल्या मेन्यूकार्डासारखी आहे. छापलंय सगळं, आज फक्त मिसळ आहे. इथली मिसळ म्हणजे मराठी, हिंदी, इंग्रजी. एखाद्या शाळेत संस्कृत जाणणारे शिक्षक असले तर संयुक्त हिंदी-संस्कृत, म्हणजे ‘लोकवाणी’ आणि ‘आनंद’ ही पन्नास-पन्नास मार्कांची दोन पुस्तकं. ते शिक्षक निवृत्त झाले की पुढच्या जूनपासून पूर्ण हिंदी. मुलांना कुणी विचारत नाही आणि त्यांना काही वाटतही नाही.

२०२५ च्या उन्हाळ्यात राज्यात तिसऱ्या भाषेवरून रान पेटलं. १६ एप्रिलच्या शासन निर्णयानं पहिलीपासून हिंदी आणली. ओरड झाल्यावर १७ जूनला ‘अनिवार्य’ जाऊन ‘सर्वसाधारणपणे’ आलं. २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधवांची समिती नेमली गेली. या भांडणात जूनच्या निर्णयातली एक अट बघण्यासारखी होती. हिंदीऐवजी दुसरी भारतीय भाषा हवी असेल, तर त्या इयत्तेत किमान वीस मुलांनी ती मागायला हवी होती. या डोंगरपट्ट्यातल्या कित्येक प्राथमिक शाळांत एका इयत्तेत वीस मुलंच नसतात. अख्ख्या वर्गानं एकमुखानं तमिळ मागितली असती तरी तिच्यासाठी शिक्षक मिळाला नसता. निर्णय मंत्रालयात लिहिला जातो तेव्हा शाळा म्हणून डोळ्यांपुढे कुठली शाळा असते, हे अशा एका आकड्यावरून कळतं.

आणि दिल्लीतली यादी तर अजून लांब. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक शाळेसाठी कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज आणि रशियन ही नावं आहेत. आधीच्या वर्षीच्या मसुद्यात चिनी होती. ती अंतिम धोरणातून गळाली, त्याचं कारण समजायला परराष्ट्र खात्यात असायची गरज नाही.

घरात किती भाषा?

शाळेच्या दाखल्यावर ‘मातृभाषा : मराठी’ लिहिलेलं असतं तिथेही थोडं थांबायला हवं. गडाच्या उतारावरच्या धनगरवाड्यातलं मूल आणि आदिवासी वाडीतलं कातकरी मूल घरी जे बोलतं ते ‘कुमारभारती’त नाही. कातकरी पोराला पहिलीत बाईंची मराठी हीच पहिली परकी भाषा. तिच्यासाठी वेगळी तासिका नाही, वेगळं पुस्तक नाही, आणि ती भाषा येत नाही याची नोंद प्रगतिपुस्तकात ‘अभ्यासात मागे’ अशी होते.

खाली सावित्रीच्या काठानं महाडकडे गेलात तर कोकणी मुसलमानांच्या वस्त्या लागतात. त्या घरातल्या आठवीच्या मुलाचा दिवस बघावा. पहाटे मकतबात अरबी लिपीतलं कुराणपठण, शाळा उर्दू माध्यमाची, घरात आणि गल्लीत कोकणी, बाजारात मराठी, मोबाइलवर हिंदी, आणि आखातात असलेल्या चाचांचा फोन आला की मधूनमधून इंग्रजी. अरबी तो अस्खलित वाचतो, अर्थ फारसा लागत नाही. माझ्या लहानपणी आम्ही संध्याकाळी जे संस्कृत म्हणत असू त्याचंही तेच होतं. या मुलाला कुणी ‘बहुभाषिक’ म्हणून शाबासकी दिलेली मी ऐकली नाही. तीच सहा भाषांची यादी एखाद्या आंतरराष्ट्रीय शाळेच्या माहितीपत्रकात आली असती तर वर्षाची फी लाखांत गेली असती.

वाक्य उलटं करायचं

पाचाडच्या बाजूच्या एका हायस्कुलात मी इंग्रजीच्या तासाला मागच्या बाकावर बसलो. नववीचा वर्ग. बाई चांगल्या शिकवतात, हे आधीच सांगतो. फळ्यावर त्यांनी मराठी वाक्य लिहिलं: ‘मी रोज बसनं शाळेत जातो.’ मग खडूनं वाक्याखाली आकडे घातले. ‘मी’खाली एक, आणि लगेच शेवटच्या ‘जातो’खाली दोन. मग उलटं येत येत ‘शाळेत’ तीन, ‘बसनं’ चार, ‘रोज’ पाच. ‘आकड्यांच्या क्रमानं इंग्लिश करा.’ पोरांनी केलं आणि बरोबर आलं. मराठी माध्यमाच्या मुलाचं इंग्रजी असं चालतं. वाक्य शेपटीकडून उचलून डोक्याशी आणायचं, आणि ‘शाळेत’ला मागे चिकटलेला ‘त’ सोडवून नामाच्या पुढे नेऊन बसवायचा. लिहिताना हे जमतं, कारण आकडे घालायला वेळ असतो. ताकाच्या ठेल्यावर तो नसतो.

हेच वाक्य जपानीत करायचं झालं तर आकडे घालावेच लागणार नाहीत. ‘मी शाळेत जातो’ हे जपानीत ‘वाताशी वा गाक्को नि इकु’. ‘गाक्को’ शाळा, ‘नि’ म्हणजे आपला मागून लागणारा ‘त’, आणि ‘इकु’ हे जाणं जिथल्या तिथे, शेवटी. आपण विभक्तीचे प्रत्यय लावतो तसे तिथे शब्दामागे अव्यय येतात, आणि क्रियापद वाक्य संपवतं. आपल्या तू-तुम्ही-आपणसारखे मान देण्याचे थर आहेत, किंबहुना जास्तच. याहून गमतीची गोष्ट त्यांच्या वर्णमालेची. जपानी मुलं अक्षरं पाठ करतात ती आ-इ-उ-ए-ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा या क्रमानं. कंठापासून ओठांपर्यंत येणारा हा क्रम त्यांच्याकडे गेला तो संस्कृत आणि सिद्धम् लिपी शिकणाऱ्या बौद्ध भिक्षूंमुळे. ‘हा’ची ओळ ‘मा’च्या आधी का, तर पूर्वी तिचा उच्चार ‘पा’ होता. क-च-ट-त-प घोकलेल्या मुलाला हा तक्ता बघताक्षणी ओळखीचा वाटतो. बाईंच्या परवानगीनं मी तो फळ्यावर काढला, तेव्हा तिसऱ्या ओळीनंतरची ओळ पोरांनी माझ्याआधी म्हटली.

याचा अर्थ जपानी सोपी असा नव्हे. रोजच्या वापराची म्हणून ठरवलेली चित्राक्षरंच २,१३६ आहेत आणि ती डोळ्यांत पाणी आणतात. अमेरिकी परराष्ट्र खात्याची भाषासंस्था जपानीला सगळ्यांत अवघड गटात टाकते आणि २,२०० तास सांगते. पण तो हिशेब इंग्रजी बोलणाऱ्यांचा. बोलायला शिकण्यापुरतं तरी, मराठी मुलाला इंग्रजीपेक्षा जपानी वाक्य जवळचं आहे. जर्मनचंही एक अंग तसंच. नामाला तीन लिंगं असतात हे ऐकून इंग्रजी माध्यमाचा मुलगा हबकतो. आपल्या मुलाला तो, ती, ते नवे नाहीत, फक्त कुठल्या वस्तूला कुठलं ते नव्यानं घोकायचं. इंग्रजीत कच्चा म्हणून ‘भाषेचं डोकं नाही’ असा शिक्का बसलेला मुलगा दुसऱ्या एखाद्या भाषेत बरा निघू शकतो. ते कधी कळत नाही, कारण त्याच्यापुढे परदेशी म्हणून एकच भाषा ठेवलेली असते, आणि तीही आडव्या रचनेची.

परीक्षेनं उरलंसुरलं काम पूर्ण होतं. भाषेच्या शंभरातले ऐंशी लेखी, वीस शाळेच्या हातात, तोंडी वगैरे. ते वीस सगळीकडेच सढळ हातानं मिळतात. मग तोंड उघडायचं कशासाठी? वर्गातल्या बाकावर पुस्तकाइतकंच गाइड असतं, आणि उत्तराखाली पेन्सिलीनं रेघ मारलेली असते. पुण्यात जर्मन-फ्रेंच घेणाऱ्यांचंही फार वेगळं नाही. तिथेही बहुतेकांना ती भाषा घेण्याचं कारण विचारा, ‘मार्क मिळतात’. संस्कृतची जागा तिनं घेतली एवढंच.

डोंगरातलं काही, समुद्रातलं काही

भाषा राहिली, निदान परक्या देशाची ओळख तरी शाळेत होते का? भूगोलात लोकसंख्या आणि पिकं भेटतात. ब्राझील भेटतो, तिथली माणसं भेटत नाहीत. मोबाइलवर मात्र धो धो ओळख चालू आहे. नववीतल्या मुली हिंदीत डब झालेल्या कोरियन मालिका बघतात. दोघीतिघींना अभिवादनापासून ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’पर्यंतचे कोरियन शब्द पाठ आहेत आणि सोलमध्ये थोरल्या बहिणीला नावानं हाक मारत नाहीत हेही ठाऊक आहे. ‘आपल्यासारखंच आहे ना,’ त्यातली एक म्हणाली. मुलगे जपानी ॲनिमेवर पोसलेले. हे शिक्षण शाळेच्या गावीही नाही.

एका शिक्षकानं वेगळी वाट काढली होती. ऑफ तासाला तो ‘तोत्तोचान’ मोठ्यानं वाचतो. तेत्सुको कुरोयानागींचं १९८१ चं हे आत्मकथन, चेतना सरदेशमुख गोसावींनी मराठीत आणलेलं आणि नॅशनल बुक ट्रस्टनं छापलेलं. महाराष्ट्रातल्या शिक्षकांमध्ये ते इतकं फिरलंय की पुष्कळांना ते मूळ मराठीच वाटत असावं. रेल्वेच्या डब्यात भरणारी शाळा ऐकून इथली पोरं खुळावली, पण खरी रंगत आली ती जेवणाच्या प्रकरणाला. तिथले मुख्याध्यापक मुलांच्या डब्यात काहीतरी समुद्रातलं आणि काहीतरी डोंगरातलं असायला हवं असं सांगतात. शिक्षकानं वाचणं थांबवलं आणि म्हणाला, ‘उघडा डबे.’

आठवीपर्यंतच्यांना शाळेत खिचडी असते. फ्रायरला जिचं नवल वाटलं तीच. नववी-दहावीवाले घरचा डबा आणतात. डबे उघडले. नाचणीची भाकरी, तांदळाची भाकरी. सुक्या जवळ्याची चटणी दोघांकडे. ‘समुद्र!’ एका डब्यात कुरडूची भाजी. ‘डोंगर!’ एकाकडे भारंगी. एकीच्या डब्यात नुसती पोळी आणि साखर होती. ती डबा झाकायला लागली, तेवढ्यात शेजारचीनं आपल्या जवळ्यातला चमचाभर तिच्या पोळीवर घातला. एक मुलगा बटाट्याच्या भाजीचा डबा वर धरून म्हणाला, ‘सर, बटाटा कुठला? डोंगरातला की समुद्रातला?’ त्यावर वर्गात बराच वाद झाला. बटाटा मुळात परदेशातला, पोर्तुगीजांबरोबर आलेला, असं शिक्षकानं सांगितल्यावर मुलं गप्प होण्याऐवजी आणखी चेकाळली. मग मिरची? तीही. टोमॅटो? तोही. ‘मग आपलं काय आहे?’ असा प्रश्न आला तेवढ्यात घंटा झाली.

युद्धकाळातल्या जपानमधली एक शाळा या मुलांना या तासात जेवढी कळली तेवढी वर्षभराच्या परदेशी भाषेच्या तासांतही कळली नसती. पण हा तास वेळापत्रकात नाही. मास्तर बदलून गेले की तासही जाईल.

गाडीवटला जमलं ते

मग एखाद्या खेड्यातल्या शाळेत खरोखरची परदेशी भाषा शिकवता येते का? येते, आणि तीही सरकारी शाळेत. औरंगाबादपासून, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरापासून, पंचवीसेक किलोमीटरवरच्या गाडीवट गावच्या जिल्हा परिषद शाळेनं मुलांनाच विचारलं की कुठली परदेशी भाषा शिकायची. चौथी ते आठवीच्या पोरांनी जपानी सांगितली. कारण? रोबो. रोबो बनवायचे तर जपानी यायला हवी, असा त्यांचा सरळ हिशेब. गावाला धड रस्ता नव्हता, इंटरनेट होतं. शहरातल्या एका जाणकारानं विनामोबदला ऑनलाइन शिकवायची तयारी दाखवली. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांना, वर्गाला बसलेल्या ‘विषयमित्र’ मुलांनी नंतर शिकवायचं. २०२० मध्ये ही बातमी देशभर छापून आली तेव्हा सत्तरच्या आसपास मुलं जपानी शिकत होती.

यातलं कौतुक सगळ्यांनी केलं. मला यातली तीन कामं महत्त्वाची वाटतात: मुलांना विचारलं, शिक्षक गावात नेमायच्या भानगडीत न पडता बाहेरून आणला, आणि परीक्षेच्या विषयात ती भाषा घातली नाही. संच मान्यतेचा संबंधच आला नाही. शिवाय हा जिल्हा अजिंठा-वेरूळचा. जपानी प्रवासी तिथे वर्षानुवर्षं येतात, जपानी बोलणारे गाइड आहेत. जपान म्हणजे अगदीच अधांतरी नव्हे. रायगडच्या पायथ्याशी अजून असं कारण दिसायचंय. गडावरचे गाइड मराठीत रंगतात, हिंदीत निभावतात. वारशाच्या यादीमुळे फ्रेंच, जर्मन, जपानी पाहुणे खरंच आले, तर त्यांच्यासोबत मुंबईहून दुभाषा येईल. नारायण शेणवीसारखाच. आणि पाचाडचा मुलगा त्यांची सॅक उचलेल.

बी-वन

दुसरं एक कारण मात्र घराघरात पोचलंय. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रानं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. ११ जुलैला शासन निर्णय निघाला. नर्स, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर, हॉटेलातले कारागीर असे दहा हजार जण पहिल्या टप्प्यात पाठवायचं ठरलं. त्यांना जर्मन शिकवायची जबाबदारी शालेय शिक्षण विभागाकडे आली. त्यासाठी आधी शिक्षकांनीच जर्मन शिकायचं आणि मग वर्ग घ्यायचे, अशी आखणी. ज्या खात्याला आठवीला संस्कृत द्यायला माणूस सापडत नाही त्याच्यावर हे काम पडलं.

युरोपात भाषेच्या सहा पायऱ्या धरतात: ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू, सी-वन, सी-टू. तिथे कामाबरोबर प्रशिक्षण घ्यायचं तर सहसा बी-वन लागते, नर्सच्या पदवीला मान्यता हवी तर बी-टू. बी-वन म्हणजे ओळखीच्या विषयावर समोरच्याशी बोलता यायला हवं, आणि त्याची तोंडी परीक्षा खरीखुरी असते. तिथे वीसपैकी अठरा सढळ हातानं कुणी देत नाही. शाळेत दहा वर्षं इंग्रजी लिहिलेल्या मुलांना पहिला धक्का इथे बसतो.

ताकाच्या ठेल्यावरच्या त्या मुलीची एक मावसबहीण वरंधच्या बाजूला राहते. मुंबईत नर्सिंग करून ती घरी आलीय आणि रात्री ऑनलाइन जर्मनच्या वर्गाला बसते. घरात रेंज नाही, म्हणून देवळाच्या पारावर. ए-टू झालंय. दहावीत तिला इंग्रजीत काठावर मार्क होते, हे तिनं आपणहून सांगितलं. जर्मन बरी जाते का, या प्रश्नावर म्हणाली, ‘तो-ती-तेचा घोळ आहे, पण बाई बोलायला लावतात. रोज. चुकलं तरी बोलायचंच.’ शाळेत असं कुणी बोलायला लावलं होतं का? तिनं आठवून पाहिलं. ‘गॅदरिंगला एकदा. इंग्लिशमधून आभारप्रदर्शन. पाठ केलं होतं.’

तिची खरी काळजी भाषेची नव्हतीच. परीक्षेचं केंद्र मुंबई किंवा पुणं. मुंबईचं महामार्गावरच्या खोळंब्यामुळे सांगता येत नाही, पुणं त्यामानानं जवळ. पण पावसाळ्यात दरडींमुळे वरंधा घाट बंद ठेवतात. मग माणगावला जाऊन ताम्हिणीतून वळसा, आदल्या दिवशीच निघायचं आणि पुण्यात रात्री कुणाकडे तरी उतरायचं. परीक्षेच्या तारखा तिनं मोबाइलवर काढून ठेवल्या होत्या. ऑगस्टची एक होती, नोव्हेंबरची एक. तिनं नोव्हेंबरची धरली होती. तोवर घाट उघडतो आणि सकाळची गाडी पुण्याला वेळेत पोचते.